उस्तादाचे नाव



चित्र काढायचे म्हटले की काय काय लागते? कागद लागतो, पेन्सिल लागते, रंग आणि कुंचला लागतो. या सर्वांहून जास्त लागतो तो वेळ. आता मात्र यांतले काहीही हाती न घेता चित्र मिळते. मोबाइलवर एक वाक्य लिहायचे : ‘पावसाळ्यातला जुना किल्ला, दोन धबधबे, आकाशात काळे ढग.’ थोड्याच वेळात चित्र तयार होते. गाणे मागितले तर गाणे मिळते. कविता मागितली तर कविता मिळते. हे काम ज्या तंत्रामुळे होते, त्याला मराठीत ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ म्हणतात. उर्दूत तुम्ही तिला ‘मस्नूई जहानत’ म्हणता.

मी धाराशिव जिल्ह्यात अक्षरे आणि चित्रे रंगवणारा माणूस आहे. दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंती, लग्नपत्रिका, पुस्तकांची मुखपृष्ठे ही माझी कामे. पाट्या मराठीत असतात, तशा उर्दूतही असतात. हल्ली लोक मला विचारतात, “पेंटरसाहेब, आता तुमचे कसे होणार?” प्रश्न आपुलकीने विचारलेला असतो. पण माझ्या मते तो अपुरा आहे. हे यंत्र चित्र काढायला कोणाकडून शिकले? ज्यांच्याकडून शिकले त्यांना त्याने विचारले होते का? त्यांचे नाव ते का घेत नाही? हे प्रश्न अधिक मोलाचे आहेत.

मला यंत्राचा राग नाही. शागिर्दाने उस्तादाचे नाव लपवावे, याचा मला राग आहे. माझे म्हणणे नीट समजावे म्हणून आधी आपल्याच जिल्ह्यातील एका गावाकडे जाऊ.

धाराशिव तालुक्यात तेर नावाचे गाव आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ते व्यापाराचे मोठे ठिकाण होते. तेव्हा त्याला ‘तगर’ म्हणत. येथील कापड दूर गुजरातेतील भडोचच्या बंदरापर्यंत जात असे. ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ नावाच्या जुन्या ग्रंथात तसा उल्लेख आहे. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात त्या काळातील वस्तू जपून ठेवल्या आहेत. त्यांत मातीच्या सुंदर बाहुल्या आहेत. त्यांपैकी कित्येक बाहुल्या साच्यातून काढलेल्या आहेत. एक साचा पुढच्या बाजूचा आणि एक मागच्या बाजूचा. दोन्हींत माती दाबायची, मग दोन्ही भाग एकमेकांना जोडायचे. अशा रीतीने एकाच साच्यातून अनेक बाहुल्या निघत.

साचा म्हणजे त्या काळचे यंत्रच नव्हे काय? तेव्हा कलेत यंत्र आले म्हणून दचकण्याचे कारण नाही. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या तेरमध्ये ते आलेलेच होते. मात्र साचा आपोआप तयार होत नाही. त्यासाठी एखाद्या कारागिराने पहिली बाहुली हाताने घडवलेली असते. तिचे डोळे, तिचे केस, तिच्या कानांतले दागिने हे सगळे त्याच्या बोटांतून आलेले असते. पुढच्या शंभर बाहुल्या त्या एका हाताच्या ऋणात असतात.

साच्याची ही गोष्ट तुमच्या उर्दू लिपीच्या बाबतीतही घडली आहे, आणि तीही फार जुनी नाही.

छापखान्यात पूर्वी शिशाचे खिळे वापरत. एकेका अक्षराचा एकेक खिळा असे. ते शेजारी शेजारी जुळवले की ओळ तयार होई. देवनागरी अक्षरे शिरोरेषेखाली सरळ उभी राहतात. त्यामुळे मराठीचे खिळे पाडणे कठीण असले तरी शक्य होते. मुंबईत जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याने एकोणिसाव्या शतकात मराठी आणि संस्कृत छपाईत मोठे नाव मिळवले. तेथील सुबक अक्षरे राणोजी रावजी आरू यांनी घडवली होती.

उर्दूच्या नस्तालीक लिपीचे तसे नव्हते. तुम्ही ती रोज लिहिता, म्हणून तुम्हांला हे लगेच कळेल. नस्तालीकमध्ये शब्द वरून खाली तिरका उतरत जातो. तेच अक्षर शब्दाच्या सुरुवातीला एका रूपात येते, मध्ये दुसऱ्या आणि शेवटी तिसऱ्या. नुक्ते कोठे बसवायचे हेही शेजारच्या अक्षरांवर अवलंबून असते. ही लिपी शिशाच्या खिळ्यांत नीट बसेना. म्हणून उर्दू पुस्तके आणि वर्तमानपत्रे शिळाप्रेसवर छापत. त्यासाठी प्रत्येक पान आधी कातिबाला हाताने लिहावे लागे. बातमी रात्री उशिरा आली तरी कातिब जागाच असे. चेन्नईचे ‘मुसलमान’ हे उर्दू दैनिक १९२७ मध्ये सुरू झाले. संगणक आल्यानंतरही अनेक वर्षे ते कातिबांच्या हाताने लिहून छापले जात होते.

मग १९८१ साल आले. अहमद मिर्झा जमील नावाच्या खत्तातांनी इंग्लंडमधील मोनोटाइप या कंपनीच्या मदतीने नस्तालीक लिपी संगणकात आणली. हे काम किती मोठे होते पाहा. नुसती ३५-४० अक्षरे काढून भागणार नव्हते. अक्षरे एकमेकांना जोडून जी रूपे तयार होतात, ती सारी काढणे भाग होते. अशी सुमारे २०,००० रूपे तयार करण्यात आली. या लिपीला जमील यांनी आपल्या वडिलांच्या नावावरून ‘नूरी नस्तालीक’ असे नाव दिले. पाकिस्तानातील ‘जंग’ या दैनिकाने त्याच वर्षी तिचा वापर सुरू केला. पुढे १९९४ मध्ये दिल्लीच्या एका कंपनीने ‘इनपेज’ ही संगणकप्रणाली बाजारात आणली. नूरी नस्तालीक लहान लहान छापखान्यांपर्यंत पोहोचली.

या बदलाने कित्येक कातिबांचे काम गेले. हे दुःख लहान नव्हते. ज्यांनी आयुष्यभर कलम धरली, त्यांना उतारवयात कळफलक शिकावा लागला किंवा दुसरा धंदा पाहावा लागला. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. संगणकात जी अक्षरे गेली ती एका खत्तातांनी स्वतः, समजून उमजून आणि आपल्या मर्जीने दिली होती. ती कोणाची आहेत हे जगाला ठाऊक होते. त्या लिपीच्या नावातही एका वडिलांची आठवण राहिली. काम गेले, तरी नाव पुसले गेले नाही.

आता नव्या यंत्राकडे वळू. ते चित्र काढायला कसे शिकते, हे आधी थोडक्यात समजून घ्या.

इंटरनेटवर कोट्यवधी चित्रे आहेत. अनेक चित्रांसोबत काही शब्द लिहिलेले असतात : ‘लाल फुलांची फांदी’, ‘घोड्यावर बसलेला मुलगा’. ही चित्रे आणि हे शब्द यंत्राला दाखवले जातात. एखाद्या चित्रावर वाळू भुरभुरावी तसे त्यावर थोडे थोडे ठिपके टाकतात. शेवटी चित्र दिसेनासे होते. मग यंत्राला ते ठिपके हळूहळू दूर करायला शिकवतात. हा सराव असंख्य वेळा झाला, की नुसत्या ठिपक्यांतून सुरुवात करूनही यंत्र आपल्या शब्दांना जुळणारे नवे चित्र उभे करते. २०२२ मध्ये अशी अनेक यंत्रे लोकांच्या हाती आली. त्याच वर्षी ‘लायन-५बी’ नावाचा एक संग्रह प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ५८५ कोटी चित्रांचे पत्ते आणि त्यांचे वर्णन करणारे शब्द होते. ‘स्टेबल डिफ्यूजन’ नावाचे यंत्र या संग्रहातील चित्रांवरच शिकले.

५८५ कोटी! ही चित्रे झाडाला लागलेली नव्हती. कोणीतरी ती काढली होती, कोणीतरी ते फोटो घेतले होते. कोणी त्यासाठी रात्री जागवल्या असतील, कोणी उसने पैसे घेऊन रंग आणले असतील. त्यांच्यापैकी बहुतेकांना कोणी विचारले नाही. म्हणून जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेत सारा अँडरसन, केली मॅकर्नन आणि कार्ला ऑर्टिझ या तीन चित्रकारांनी अशा कंपन्यांविरुद्ध न्यायालयात दावा दाखल केला. ‘आमची चित्रे आमच्या परवानगीशिवाय वापरली,’ ही त्यांची तक्रार होती.

मार्च २०२५ मधील गोष्ट तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. जगभर लोकांनी आपले फोटो यंत्राला दिले आणि ते जपानी कार्टूनसारखे करून घेतले. आपल्याकडेही घरोघरी अशी चित्रे दिसू लागली. ती शैली जपानच्या ‘जिबली’ या स्टुडिओची होती. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या या स्टुडिओत हायाओ मियाझाकी आणि त्यांचे सहकारी एकेक चित्र हाताने काढत आले. चार मिनिटांच्या दृश्यासाठीही हजारो चित्रे लागतात. ज्यांनी त्या शैलीत आपला चेहरा पाहिला, त्यांपैकी किती जणांना मियाझाकी हे नाव ठाऊक होते?

येथे तुम्ही मला अडवाल. तुम्ही म्हणाल, “पेंटरसाहेब, माणूसही दुसऱ्याचे पाहूनच शिकतो. तुम्हीसुद्धा कोणाची तरी अक्षरे गिरवलीच असतील. मग यंत्राने तेच केले तर काय बिघडले?”

प्रश्न योग्य आहे. त्याला उत्तर दिलेच पाहिजे.

होय, मी गिरवले आहे. लहानपणी बाजारपेठेतील पाट्यांसमोर उभा राहून मी हवेत बोट फिरवत असे. पुढे एका जुन्या पेंटरकडे राहिलो. तीन वर्षे डबे धुतले, ब्रश साफ केले, पाट्यांना पहिला हात दिला. मग कोठे अक्षराला हात लावायला मिळाला. या शिकण्यात एक करार होता. तो कागदावर लिहिलेला नव्हता, पण दोघांनाही माहीत होता. उस्ताद शिकवतो आहे, हे त्याला ठाऊक असते. शागिर्द त्याची सेवा करतो, त्याचे काम हलके करतो. आणि उद्या कोणी विचारले, “हे वळण कोठून घेतले?” तर शागिर्द अभिमानाने उस्तादाचे नाव सांगतो.

खुशखतीच्या परंपरेत हा करार फार सुंदर रीतीने पाळला जाई. उस्मानी तुर्कस्तानात शागिर्द वर्षानुवर्षे उस्तादासमोर बसून सराव करी. उस्तादाचे समाधान झाले की तो त्याला ‘इजाजत’ देई. इजाजत मिळाली म्हणजे आपल्या लेखनाखाली स्वतःचे नाव घालण्याचा हक्क मिळाला. तोपर्यंत अक्षर कितीही चांगले असले, तरी त्याखाली नाव घालता येत नसे.

आपल्या भागातही कलावंताच्या नावाला मान होता. नळदुर्गचा पाणीमहाल तुम्ही पाहिला असेल. बोरी नदीवरील बांधाच्या पोटात हा महाल आहे. पावसाळ्यात बांधावरून नर आणि मादी हे दोन धबधबे कोसळतात. आत उभे राहिलेल्या माणसाला पाण्याचा पडदा समोर दिसतो. विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशहा याच्या काळात, इ.स. १६१३ मध्ये हा महाल बांधला गेला. मीर महंमद इमादीन या त्याच्या रचनाकाराचे नाव आजही महालाबरोबर घेतले जाते. याच आदिलशहाने आपल्या दरबारातील खलीलुल्लाह या कातिबाला ‘बादशाह-ए-कलम’, म्हणजे लेखणीचा बादशहा, अशी पदवी दिली होती. सिंहासनावरचा बादशहा एका कातिबाला बादशहा म्हणतो, यातच कलेचा मान दिसून येतो.

यंत्राच्या शिकण्यात या कराराचा मागमूसही नाही. ते सगळ्यांकडून घेते आणि कोणाचेच नाव सांगत नाही. आणखी एक फरक आहे. मी एका उस्तादाकडून शिकलो. मी रोज फार तर दोन पाट्या रंगवीन. माझ्यामुळे उस्तादाचा धंदा बसत नाही. यंत्र मात्र एका दिवसात लाखो चित्रे काढते आणि ज्यांच्याकडून शिकले त्यांच्याच बाजारात ती उभी करते. ज्याच्या विहिरीचे पाणी प्यावे, त्याच्याच दारात पाणी विकावे, अशातला हा प्रकार झाला.

“मग विचारून, सांगून हे काम करताच येणार नाही का?” असे तुम्ही विचाराल. येते. त्याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. २०२४ मध्ये संगीतकार ए. आर. रहमान यांनी ‘लाल सलाम’ या तमिळ चित्रपटातील एका गाण्यात शाहुल हमीद आणि बांबा बाक्या या दोन दिवंगत गायकांचा आवाज यंत्राच्या साहाय्याने वापरला. त्यांनी आधी दोघांच्या घरच्यांची परवानगी घेतली, त्यांना मोबदला दिला आणि ही गोष्ट लोकांना उघडपणे सांगितली. यंत्र तेच, पण वागण्याची रीत वेगळी.

आता दुसरे उदाहरण पाहा. काही लोकांनी गायक अरिजितसिंग यांच्या आवाजाची नक्कल करून देणारी साधने तयार केली. त्यांनी कोणालाही विचारले नव्हते. अरिजितसिंग मुंबई उच्च न्यायालयात गेले. जुलै २०२४ मध्ये न्यायालयाने त्यांचे नाव आणि आवाज असा परस्पर वापरण्यास मनाई केली. गळा हा गायकाचा असतो, हे न्यायालयाने मान्य केले. मग हात हा चित्रकाराचा असतो, हे मान्य करायला अडचण कसली?

आपल्या देशात १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. या कायद्याच्या ५७ व्या कलमाने कलावंताला एक खास हक्क दिला आहे. त्याने चित्र विकले, त्याचे पैसे घेतले, तरी ‘हे चित्र माझे आहे’ असे सांगण्याचा त्याचा हक्क संपत नाही. योगायोग असा, की कायद्याच्या भागालाही मराठीत ‘कलम’च म्हणतात! मला वाटते, या कलमामागचा विचार नव्या यंत्रांनाही लागू व्हावा. ज्यांच्या कामावर यंत्र शिकते, त्यांना विचारावे. ‘नको’ म्हणणाऱ्याचे काम बाजूला ठेवावे. ‘हो’ म्हणणाऱ्याला मोबदला द्यावा. आणि यंत्राने कोणाकोणाचे काम पाहिले, याची यादी सर्वांना पाहता यावी. कोट्यवधी चित्रे गोळा करता येतात, तर त्यांची यादी करणे अशक्य कसे?

यंत्राची चांगली बाजू मला दिसत नाही, असे समजू नका. खेड्यातल्या एखाद्या मुलीच्या मनात गोष्ट असते, पण तिला चित्र काढता येत नाही. यंत्राच्या मदतीने ती आपल्या गोष्टीचे चित्र पाहू शकते. ज्याचे हात चालत नाहीत, असा माणूस नुसत्या बोलण्यातून चित्र उभे करू शकतो. लहान दुकानदाराला दोन पैशांत जाहिरात करून मिळते. ही सोय मोठी आहे. ती कोणाकडून हिसकावून घ्यावी, असे मी म्हणणार नाही.

काही चित्रकार यंत्राच्या चुका दाखवून समाधान मानतात. मीही एकदा यंत्राला नळदुर्गच्या पाणीमहालाचे चित्र मागितले होते. त्याने तलावाच्या मधोमध घुमटांचा एक महाल उभा केला. चित्र देखणे होते, पण ते नळदुर्ग नव्हते. उर्दू पाटी मागितली तर नुक्ते भलतीकडेच बसले. परंतु या चुकांवर मी माझे म्हणणे उभे करणार नाही. यंत्र वेगाने सुधारते आहे. उद्या ते पाणीमहाल बरोबर काढील आणि नुक्तेही जागच्या जागी देईल. तेव्हाही माझे म्हणणे तेच राहील. चित्र अचूक आले, म्हणून ज्यांच्याकडून घेतले त्यांचे ऋण फिटत नाही.

आणि तुमच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. हाताने चित्र काढताना दोन ठिकाणी काम होते. एक काम कागदावर दिसते. दुसरे काम काढणाऱ्याच्या आत होते. मी पाणीमहालाचे चित्र काढले तेव्हा चार वेळा नळदुर्गला गेलो. ओल्या दगडाचा रंग कोरड्या दगडापेक्षा वेगळा असतो, पाणी कोसळताना पांढरे आणि थांबल्यावर हिरवट दिसते, हे मी तेथे बसून शिकलो. ते चित्र कधीच विकले गेले. शिकलेले मात्र माझ्याजवळ राहिले. यंत्राकडून चित्र घेतले तर कागदावरचे काम मिळते, आतले काम होत नाही. धंदा करणाऱ्याला ते चालत असेल. शिकणाऱ्या वयात ते कसे चालेल?

येथे मला तेरचीच आणखी एक गोष्ट आठवते. तेर हे संत गोरोबाकाका यांचे गाव. ते कुंभार होते. जानेवारी २०२० मध्ये आपल्या शहरात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा संमेलनाच्या जागेलाही गोरोबाकाकांचेच नाव दिले होते. त्यांच्याविषयी मराठीत एक कथा सांगतात.

एकदा त्यांच्या घरी अनेक संत जमले होते. तेथे मडकी थापटण्याची लाकडी थापटी पडलेली होती. मुक्ताबाईंनी विचारले, “काका, हे काय आहे?” गोरोबाकाका म्हणाले, “ही थापटी. मडके कच्चे की पक्के, हे हिने कळते.” मुक्ताबाई म्हणाल्या, “मग आमचीही परीक्षा करा.” गोरोबाकाकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटी मारली. सगळे शांत राहिले. नामदेवांना मात्र ते सहन झाले नाही. गोरोबाकाका म्हणाले, “हे मडके अजून कच्चे आहे.” नामदेव मोठे भक्त होते, तरी त्यांना कच्चे का म्हटले? कारण त्यांनी अजून गुरू केला नव्हता. कथा पुढे सांगते, की नामदेवांनी विसोबा खेचर यांना गुरू केले आणि मग ते पक्के झाले.

या कथेत माझ्या मते दोन गोष्टी आहेत. पहिली अशी, की मडक्याचा आवाज ऐकून ते कच्चे की पक्के हे ज्याने ओळखले, तो स्वतः कुंभार होता. आयुष्यभर चिखलात हात घातल्यावर तो कान तयार झाला होता. उद्या यंत्र तुमच्यापुढे शंभर चित्रे ठेवील. त्यांतले कच्चे कोणते आणि पक्के कोणते, हे सांगणारा माणूस लागेलच. ज्याने कधी कुंचला धरला नाही, त्याला ते सांगता येणार नाही. म्हणून यंत्राच्या काळात हाताने शिकण्याची गरज कमी होत नाही, उलट वाढते.

दुसरी गोष्ट अशी, की गुरूचे नाव सांगता येत नाही ते मडके कच्चे, मग ते कितीही गुळगुळीत असो. या थापटीने पाहिले तर आजची ही यंत्रे कच्ची आहेत. त्यांना पक्के करणे इंजिनियरांच्या हाती आहे, तसे कायदा करणाऱ्यांच्याही हाती आहे. आणि थोडेसे तुमच्या हाती आहे.

तुम्ही म्हणाल, “आम्ही शाळेतली मुले काय करणार?” तुम्ही पुष्कळ करू शकता. शाळेच्या प्रदर्शनात चित्र लावाल, भित्तिपत्रक तयार कराल, वहीवर मुखपृष्ठ कराल, तेव्हा त्याखाली तीन ओळी लिहा. यातले माझ्या हाताने काय केले? यंत्राकडून काय घेतले? आणि मी हे कोणाकडून शिकलो? तिसऱ्या ओळीत तुमच्या चित्रकलेच्या सरांचे नाव येईल, कोणाच्या अम्मीचे येईल, कोणाच्या नानांचे येईल. दुसरी ओळ लिहिताना लाज वाटू देऊ नका. यंत्राची मदत घेणे हा गुन्हा नाही. ती लपवणे मात्र वाईट आहे.

तुमच्या घरात, मोहल्ल्यात एखादे जुने कातिब किंवा पाट्या रंगवणारे बुजुर्ग असतील, तर त्यांच्याकडे जा. त्यांची बोरूची कलम पाहा. ती तिरकी का कापतात, शाई किती घट्ट असावी लागते, हे विचारा. त्यांना सांगा, ‘चाचा, मला एक अलिफ काढून दाखवा.’ मग तो अलिफ शंभर वेळा गिरवा. शंभरावा अलिफ पहिल्यापेक्षा चांगला येईल. तो तुमचा असेल, आणि तो कोणाकडून आला हे तुम्हांला सांगता येईल.